हिरवी खूण

दौंड,
२ डिसेंबर २०२४

करिश्मा बाळा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नको. जिवाला काही झालेलं न्हाई. फोन बंद करून ठेवलाय म्हणून लिहायला बसले. तू दोनदा शेजारच्या खातूनबीच्या फोनवर फोन केलास ते तिनं सांगितलं. पण तिची सून सायमा बाळंतीण, बाळ बघायला येणाऱ्या बायकांची सारखी ये-जा. तिथं उभं राहून मला बोलता येईना. लग्नानंतर तुझी आई आन् मी पत्रावरच बोलायचो, तसंच समज.

तू भाऊबीजेला आली व्हतीस तवा माझी जाहिरात टाकलीस. 'बाळ-बाळंतिणीची मालिश, घरी येऊन करून मिळेल. मालनबाई, दौंड.' कामासाठी नवं सिमही घेऊन दिलंस. म्हणलीस, घरचा नंबर येगळा, कामाचा येगळा. सुरुवातीला दोन बायकांचे फोन आले. त्यातली एक कुरकुंभची. तिच्या लेकराला आठवडाभर जाऊन आले. मग पुरुषांचे फोन यायला लागले. मला वाटलं, बायकोसाठी इचारत असत्याल. एकजण म्हणला, "रेट काय?" मी म्हणलं, "बाळ किती महिन्याचं?" तो हसायलाच लागला. पुढं जे बोलला ते कागदावर लिहिता येत न्हाई.

मग रोज तसलेच. कुणी दारू पिऊन, कुणी हिंदीत, कुणी अगदी सभ्य आवाजात. सगळे मला मालिनी म्हणत्यात. ही मालिनी कोण, मला ठावं न्हाई.

म्हणून फोनच बंद केला. तू काळजी करू नको आन् त्या जाहिरातीचं पुढं काही करत बसू नको. आपोआप थांबल. गोकुळराव बरे हायत ना? त्यांची शिफ्ट आता कुठली?

तुझी मालनमावशी


शिरूर,
९ डिसेंबर २०२४

मावशी,

तुझं पत्र पोस्टमनने खालच्या मेडिकलमध्ये दिलं. दुकानदार मला म्हणाला, "वहिनी, पत्र येतं का अजून कुणाला?" मी जिन्यातच बसून वाचलं. दोनदा वाचलं.

मी टाकलेली जाहिरात लगेच काढून टाकली आहे. आता फोन थांबतील असं वाटतंय. तू फोन चालू करून बघ, नाहीतर आपण कशा बोलणार? दिवाळीनंतर कंपनीने आम्हा पॅकिंगच्या सगळ्या बायकांना ब्रेक दिलाय, तेव्हापासून मी घरीच. ह्यांची सेकंड शिफ्ट. दुपारी रांजणगावची बस पकडतात. त्यानंतर या दोन खोल्यांत माझ्याशी बोलणारं कुणी नाही. परवा कुकरची शिट्टी झाली तर मी "आले आले" म्हणाले आणि मग माझी मलाच भीती वाटली.

ह्यांना मी जाहिरातीचं सांगितलेलं नाही. घरातल्या बाईचं नाव इंटरनेटवर कशाला, असं त्यांचं असतं. सिमचंही बोलले नाही. मावशीला फोनवर कुणीतरी त्रास देतंय, एवढंच म्हणाले. ते जेवत राहिले.

तू एकटी आहेस. रात्री दाराला आतून कडी घालत जा.

तुझी करिश्मा


दौंड,
१७ डिसेंबर २०२४

करिश्मा,

थांबलं न्हाई. गेल्या आठवड्यात माणूस दारात आला.

दुपारची येळ. मी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत व्हते. पंचविशीतलं पोरगं, अंगावर कंपनीचा शर्ट, केसाला पाणी लावून भांग पाडलेला. म्हणला, "मालिनीजी का घर यही है?" बाजारात त्यानं मालिशवाली बाई कुठं राहती असं इचारलं आन् चार माणसांनी माझ्या घराकडं बोट दाखवलं. दाखवणारच. तीस वरसं मी या गावातली लेकरं चोळून न्हाऊ घातलीत.

मी म्हणलं, मालिनी इथं कुणी न्हाई. त्यानं मोबाईल पुढं धरला. त्यात एका तरण्या पोरीचा फोटो. भरपूर नटलेली. नाव मालिनी, गाव दौंड, खाली माझा नंबर. आन् नावाशेजारी हिरवी बरोबरची खूण. त्यानं कुठल्याशा खात्यावर आगाऊ पैसे भरले व्हते. पुढं कुणी उत्तर देईना, माझा फोन बंद, म्हणून शोधत आला. मी म्हणलं, बाळा, नंबर माझाच हाय. त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, मग मोबाईलमधल्या पोरीकडं. तोंड उतरलं त्याचं. म्हणला, "माताजी, माफ करना. वहाँ लिखा था, व्हेरिफाइड है." मी इचारलं, व्हेरिफाइड म्हंजी? तर म्हणला, कंपनीने जाँच लिया है.

मला कुणी जाँचलं ग? मला तर एक फोन पण आला न्हाई त्या कंपनीचा.

पाणी मागितलं त्यानं. बिहारचं पोरगं, दिवाळीला पण घरी गेलेलं नव्हतं. मी पाणी दिलं. आन् ते समोरच्या ओट्यावरनं समद्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईच्या नातवाला अंघोळ घालायला गेले तर पुतळाबाई दारातच उभी. म्हणली, "मालन, उद्यापासनं नको येऊ. सून म्हणती गारठा लई हाय." आतनं लेकरू रडत व्हतं. ते भुकेचं रडणं न्हाई, मला कळतं. त्याला अंग चोळून घ्यायची सवय लागलीया. मी तशीच माघारी आले. त्याच आठवड्यात आणखी दोन घरं तुटली. कुणी भांडलं न्हाई. नुसतं "आम्ही कळवतो" म्हणले.

खातूनबी तेवढी बोलावती. सायमाच्या लेकराला चोळते तेवढाच काय तो दिवस.

तक्रार बिक्रार करू नको. मला पोलिसाच्या पायऱ्या चढायच्या न्हाईत.

मावशी


शिरूर,
२८ डिसेंबर २०२४

मावशी,

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक लपवलं. ती मालिनीची जाहिरात मला तेव्हाच दिसली होती. मी आपली जाहिरात काढायला गेले तर खाली 'अशाच आणखी जाहिराती' म्हणून ती समोर आली. 'मालिश, घरी येऊन' हे माझेच शब्द, पुढे घाणेरडं काहीबाही जोडलेलं. मला वाटलं, माझी काढली की तीही जाईल. तुला सांगायचा धीर झाला नाही.

मी त्या कंपनीला तक्रार लिहिली. हा नंबर माझ्या मावशीचा आहे, ती बाळंतिणींची मालिश करते, फोटो भलत्याच मुलीचा आहे, जाहिरात ताबडतोब काढा. त्यांचं उत्तर आलं ते जसंच्या तसं लिहिते: 'आमचे संकेतस्थळ केवळ मध्यस्थ आहे. मजकुराची जबाबदारी जाहिरातदाराची आहे. कृपया जाहिरातदाराशी थेट संपर्क साधावा.' आणि खाली जाहिरातदाराचा म्हणून नंबर दिलाय. मावशी, तो तुझाच नंबर आहे.

मी शिरूर कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेले. वयस्कर आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, हे लोक नंबर खरा टाकतात, म्हणजे फोन केला की बाईचाच आवाज येतो आणि गिऱ्हाईक फसतं. पैसे मात्र आगाऊ दुसरीकडेच घेतात. फसवणारा कुठे बसलाय ते पोलीस शोधतील किंवा नाही शोधणार. मी विचारलं, मग साइटचं काहीच नाही का? तर म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं असं की आम्ही नुसता फळा लावलाय, फळ्यावर कोण काय लिहितं ते आम्हाला काय माहीत. कायदाही त्यांना तेवढी सवलत देतो. पण तुम्ही लेखी कळवल्यावरही त्यांनी ते पुसलं नाही. आणि ती हिरवी खूण कुणी काढली? ती तर त्यांनीच काढली ना? पैसे घेऊन काढली. पडताळणी झाली असं ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. मग त्यांनी कुणाला विचारून पडताळलं, हे आपण विचारू."

त्यांना तुझा फोन पाहिजे, आलेल्या कॉलसकट. आणि त्या म्हणाल्या, ती खूण बघून विश्वास ठेवला असं सांगणारा एखादा पुरुष मिळाला तर फार उपयोग होईल, पण तसा माणूस पुढे येत नसतो. तो बिहारचा मुलगा सापडेल का ग?

ह्यांना आता सगळं सांगावं लागलं, म्हणजे जाहिरातीचं आणि वकिलाचं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "सोड ना. मावशींनाच नकोय तर तू कशाला घराण्याचं नाव चव्हाट्यावर आणतेस?" आवाजही चढवला नाही. तुझी काळजी वाटते त्यांना.

करिश्मा


दौंड,
६ जानेवारी २०२५

करिश्मा,

ते पोरगं काम सोडून गेलं म्हणत्यात. त्याला कुठं शोधायचं आन् त्यानं तरी काय म्हणून पुढं यायचं.

तू माझं ऐक. गोकुळराव म्हणत्यात ते बरोबर हाय. वकीलबाईला सांग, मावशीला केस करायची न्हाई. मी आता पाटसला एका खानावळीत भाकरी थापायला जाते. कारखाना चालू हाय तवर काम हाय. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी असती, कुणी कुणाला नाव इचारत न्हाई. मला तेच बरं वाटतं.

लोक इसरत्याल.

मावशी


शिरूर,
१३ जानेवारी २०२५

मावशी,

काय विसरतील लोक? तू भाकरी थापतेस? तुझ्या हाताखाली न्हालेली पोरं आज दौंडमध्ये दुकानं चालवतात, आणि तू पाटसला भाकरी थापतेस?

तू कुणाला घाबरतेस ते तरी सांग. पोलिसांना? पुतळाबाईला? तू माझ्या आईची बहीण आहेस असं वाटतच नाही. आई असती तर त्या कंपनीच्या दारात जाऊन बसली असती.

जाहिरात अजून आहे. काल बघितली. रोज बघते. मालिनी हसते आणि तिच्या नावापुढे ती खूण. मी दोन तक्रारी आणखी केल्या, तेच उत्तर छापून येतं. इथे कुणाशी बोलू? ह्यांच्यासमोर विषय काढला की ते बाहेर पान खायला जातात. संक्रांतीला दौंडला जाऊ म्हटलं तर नको म्हणाले. दिवाळीपासून एकदाही ते तुझ्याकडे आले नाहीत, त्याचंही मला आता वाईट वाटायला लागलंय. बदनाम बाईच्या घरी जायला नको, असं मनात असेल तर तेही त्या पुतळाबाईसारखेच.

रविवारी मी येते आणि फोन घेऊन जाते. तू नुसती बघत बस.

करिश्मा


दौंड,
१५ जानेवारी २०२५

करिश्मा,

येऊ नको. फोन मी भीमेत टाकून दिला. दोन्ही सिम त्यातच व्हती. आता काही राहिलं न्हाई.

गोकुळरावांना पुतळाबाईच्या पंगतीत बसवू नको. संसार नीट कर.

मावशी


शिरूर,
३० जानेवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी गोकुळ घरी होता, सुट्टी होती. मी भाकरी करत होते. रागानेच म्हणाले, "मावशीनं फोन भीमेत टाकला. संपलं सगळं."

तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "कामाचं सिम पण?"

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवली. म्हटलं, "कुठलं कामाचं सिम?"

"तूच म्हणालीस ना मागं."

"मी जाहिरातीचं सांगितलं. दुसऱ्या सिमचं मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही."

त्याने तव्याकडे बघितलं. भाकरी करपायला लागली तसा उठला, गॅस बंद केला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. ताट तसंच. मला वाटलं छातीत दुखतंय की काय. मी पाणी आणायला वळले तर म्हणाला, "मी एकदाच फोन केला होता. मला नंबर माहीत नव्हता ग. मावशी बोलल्या आणि मला आवाज कळला. त्यांनाही कळला. त्या म्हणाल्या, गोकुळराव? मी कट केला."

मी विचारलं, "फोन का केला?"

"साइटवर होतं. लाखो लोक बघतात. हिरवी खूण होती. बाई स्वतःच्या मर्जीने काम करते असं लिहिलं होतं. ते खोटं आहे हे मला कसं कळणार?"

मी म्हटलं, "ते खोटं निघालं याचं दुःख आहे का तुम्हाला? खरं असतं तर?"

त्याने ताट मोरीत नेऊन ठेवलं, मावशी. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन न्हावऱ्याला त्याच्या आईकडे गेला. मी जा म्हटलं नव्हतं, थांबही म्हटलं नाही.

कंपनी म्हणते, टाकणाऱ्याला विचारा. गोकुळ म्हणतो, साइटला विचारा. तुझ्या गल्लीतल्या बायका म्हणतात, तूच नंबर दिलास. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि भाकरी थापायला तू गेलीस.

तुला पहिल्यापासून माहीत होतं ना? पहिल्या पत्रात शिफ्ट कुठली म्हणून विचारलंस ते याचसाठी? आता खरं लिही. फोन कुठे आहे?

करिश्मा


दौंड,
५ फेब्रुवारी २०२५

माझी बाय,

फोन वाकळांच्या ढिगात हाय. नदीवर नेला व्हता, खोटं न्हाई सांगत. पुलावर उभी राहिले. पण टाकवला न्हाई. तुला मात्र टाकला म्हणून लिहिलं.

व्हय, मला माहीत व्हतं. म्हणूनच फोन बंद केला. बाकीच्यांच्या फोनांना मी शिव्या द्यायला शिकले व्हते. एकाला तर असं झापलं की त्यानं माफी मागितली. पण त्या दिवशी संध्याकाळी फोन आला आन् पलीकडनं आधी "नमस्कार" आलं. आवाज दबका. म्हणला, "घरी एकटेपणा वाटतो. कुणाशी तरी बोलायचं होतं." मी आवाज वळखला तवा माझ्या तोंडातून नाव निघून गेलं. न्हाई निघायला पाहिजे व्हतं. मी नुसता फोन ठेवला असता तर त्यांना कळलंही नसतं.

रातभर मी इचार करत व्हते, घरी एकटेपणा वाटतो म्हणले, आन् घरी तर तू हायेस. पुढं तू मला लिहिलंस कुकरशी बोलते, आन् ते परक्या नंबराला सांगत्यात कुणाशी तरी बोलायचंय. एका छपराखाली दोघं, आन् दोघांचं बोलणं माझ्याकडंच येऊन पडलं. मी ते कुणाला द्यायचं?

तुला आई न्हाई. भाऊ न्हाई. तुला परत यायला माझं एवढंसं घर, आन् त्या घराची ही अशी कथा झालेली. वकीलबाईला फोन दिला असता तर कॉलांमधी त्यांचा नंबर निघाला असता. म्हणलं, आपलं नाव काय, ते गेलंच हाय. तुझं घर माझ्या फोनामुळं मोडायला नको. तू मला भित्री म्हणलीस तवा बरं वाटलं. म्हणलं, हिला अजून कळलं न्हाई.

पण आता तुला कळलंय, तर मी मधी पडणार न्हाई. नवरा तुझा हाय आन् नाव माझं हाय. माझं मी सांगते: मला त्या कंपनीला इचारायचंय, तुम्ही मला कवा जाँचलं? तुझं तू ठरव. फोन न्यायला ये. संसार सांभाळायचा म्हणून आली न्हाईस तरी माझं काही म्हणणं न्हाई.

मावशी


शिरूर,
९ मार्च २०२५

मावशी,

तुझ्याकडून फोन घेऊन आले त्या रात्री मी गोकुळला एकच मेसेज केला. 'मी तक्रार करणार आहे. तुमचा नंबर त्यात आहे. खूण बघून फोन केला हे सांगायला कुणी पुरुष तयार होत नाही. तुम्ही सांगणार का?' उत्तर आलं नाही. पुण्याला सायबर पोलिसांकडे जायच्या दिवशी मी आणि वकीलबाई पहाटे शिरूर स्टँडवर उभ्या होतो. न्हावऱ्याच्या गाडीतून तो उतरला. दाढी वाढलेली. वकीलबाईंना नमस्कार केला आणि आमच्यापासून चार पावलं लांब उभा राहिला.

सायबरच्या ऑफिसात मी आधी बोलले. मग त्याचा जबाब. त्याने सांगितलं, ही साइट बघितली, पडताळणी झाल्याची खूण होती म्हणून जाहिरात खरी मानली, फोन केला. साहेब टाइप करत होते. त्यांनी न बघताच विचारलं, "हा नंबर ज्या बाईंचा, त्या तुमच्या कोण?"

तो म्हणाला, "मावससासू."

साहेबांचे हात थांबले. खोलीत आणखी दोघं होते, तेही वळून बघायला लागले. गोकुळची मान खाली होती, पण तो पुढचं बोलला. मोठ्याने बोलला. "साहेब, खूण खोटी होती ते लिहा. आणि फोन मी केला, तेही लिहा. त्यात साइटचा दोष नाही."

मावशी, मी इतके दिवस त्याचा राग करत होते, अजूनही करते. पण ते वाक्य ऐकून मला रडू आलं. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले.

परत येताना बसमध्ये जागा होती तरी तो पुढे बसला, मी मागे. शिरूरला उतरल्यावर म्हणाला, "येऊ का?" मी म्हटलं, "अजून नाही." तो पुढची गाडी पकडून न्हावऱ्याला गेला. तिथूनच कंपनीच्या बसने कामाला जातो. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. मी उचलत नाही. ज्या दिवशी उचलावासा वाटतो त्या दिवशी मी फोन घरात ठेवून बाहेर फिरून येते.

पुढे काय करायचं, मला माहीत नाही. वकीलबाईंनी साइटला नोटीस पाठवली आहे. त्या म्हणतात, वेळ लागेल, आणि निकाल आपल्याच बाजूने लागेल असं मी सांगणार नाही. पण प्रश्न विचारला गेलाय.

मला पुन्हा कामावर बोलावलंय, पहिली शिफ्ट. बरं झालं.

करिश्मा


दौंड,
४ एप्रिल २०२५

करिश्मा बाळा,

वकीलबाईचा निरोप खातूनबीच्या फोनवर आला. मालिनी गेली. कंपनीनं जाहिरात काढली. पण पत्रात लिहिलंय म्हणं, आम्ही सद्भावनेनं काढत आहोत, कुठलीही जबाबदारी मान्य न करता. वकीलबाई म्हणल्या, केस चालू राहील, त्यांना हिरव्या खुणेचं उत्तर द्यावंच लागल. मी म्हणलं, माझ्या जिवात जीव हाय तवर मी तारखेला येईन.

गाव तसंच हाय. परवा पुतळाबाई भाजीबाजारात भेटली. माझ्याकडं बघितलं, वांगी निवडत राहिली. नातू तिच्या कडेवर व्हता. त्यानं मला वळखलं आन् दोन्ही हात पुढं केले. तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी घरी येऊन तशीच बसून राहिले. दिवा लावायचं पण ध्यानात आलं न्हाई. खानावळ आता बंद, कारखान्याचा गळीत हंगाम संपला.

आता दुसरं सांगते. मी सायमाला रोज इचारायचे, ती जाहिरात परत तर आली न्हाई ना? ती बिचारी लेकराला पाजता पाजता बघायची. काल तिनं मला हाक मारली. तीच पोरगी, तोच फोटो, तेच नटणं. नाव दुसरं, गाव इंदापूर, नंबर दुसरा. हिरवी खूण तशीच.

मी लई येळ बघत राहिले. म्हणलं, हा नंबर कुणाचा असंल? सायमा म्हणली, "खाला, सोडा, आपला तर नाही ना." मी म्हणलं, दे मला फोन.

दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. पलीकडनं हॅलो न्हाई, काही न्हाई. नुसता श्वास. मला लगेच कळलं. ती काय ऐकावं लागल म्हणून थांबली व्हती.

मी म्हणलं, "ठेवू नको बाई. मी बाईमाणूस हाय. दौंडची मालन. तुझा नंबर जिथं लागलाय तिथं आधी माझा व्हता."

मग बारीक आवाजात तिनं इचारलं, "तुम्ही कशा सुटलात?"

काय सांगणार? म्हणलं, "सुटले न्हाई अजून. पण कसं लढायचं ते ठावं हाय. तू जेवलीस का?"

ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून बसले. सायमाचं लेकरू उठलं, झोपलं. खातूनबीनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. ती आपली रडतीय आन् मी हूं म्हणतीय. तिच्या घरी कुणाला सांगितलेलं न्हाई. मेसवर पोळ्या लाटती, जाहिरात टाकली व्हती घरगुती डब्यांची. काल सकाळपासून तिनं फोन उचललेला हा पहिलाच.

मी तिला म्हणलं, पुढच्या रविवारी मी येते. वकीलबाईचा नंबर घेऊन येते. आन् माझी भाची पण येईल, तिला तक्रार कशी लिहायची ते समदं येतं. तुला न इचारता सांगून टाकलं. सकाळच्या गाडीनं ये, पाटसला उतर, मी स्टँडवर थांबते. तिथनं इंदापूरची गाडी मिळती.

तिनं मला तिचं खरं नाव सांगितलं, पण मी हितं लिहीत न्हाई. आधीच लई जणांनी तिला भलत्याच नावानं हाका मारल्यात. तू ते तिच्याच तोंडून ऐक.

तुझी मावशी